मालदीव की मॉरिशस? आधी बेटाचं वय विचारा

मधुचंद्राची चर्चा बहुतेक वेळा एखाद्या फोटोवरून सुरू होते. काचेसारखं निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी खोल्या. फोटो मालदीवचा की मॉरिशसचा, याकडे कोणी फारसं बघत नाही. दोन्ही नावं ‘म’ची, दोन्ही हिंदी महासागरातली, दोन्हीकडे नवी जोडपी जातात, मग फरक तो काय? फरक फार मोठा आहे. पाण्यावरच्या खोलीची स्वप्नं बघत मॉरिशसला गेलात तर तसल्या खोल्या तिथे जवळजवळ नाहीतच. डोंगर-धबधबे फिरायच्या हौसेनं मालदीवला गेलात, तर त्या अख्ख्या देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटरची आहे.

हा फरक कुठून आला ते कळलं की निवड बरीच सोपी होते, म्हणून थोडं पृथ्वीच्या पोटात डोकावू. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळला, त्याच स्रोतानं पुढे मालदीवचा पाया घातला आणि खूप नंतर मॉरिशसही घडवला. स्रोत होता तिथेच राहिला, वरचं भूकवच उत्तरेकडे सरकत गेलं. आज तोच स्रोत मॉरिशसच्या शेजारी रियुनियन बेटावर धगधगतोय. म्हणजे ही दोन बेटं सख्खी भावंडं आहेत, फक्त वयात प्रचंड अंतर आहे. मालदीवचे ज्वालामुखी सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे. ते थंड होऊन हळूहळू समुद्रात खचले. त्यांच्या कडेनं वाढणारी प्रवाळं मात्र उजेडासाठी वर वर चढत राहिली. मूळ डोंगर आज दोन किलोमीटरहून जाड चुनखडीखाली गाडला गेलाय आणि वर उरलीत प्रवाळांची कडी. या कड्यांना जगभर ‘अटॉल’ म्हणतात, तो शब्दही मालदीवच्या धिवेही भाषेतूनच गेलेला. मॉरिशस त्या मानानं तरुण, ऐंशी-नव्वद लाख वर्षांचा. त्याचे डोंगर अजून ताठ उभे आहेत आणि प्रवाळांची भिंत बेटाभोवती कुंपणासारखी आहे.

आता याचा तुमच्या दिवसाशी काय संबंध ते बघा.

मालदीवमध्ये साधारण १,२०० बेटं आहेत आणि सगळ्यांची मिळून जमीन ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास. १९७२मध्ये तिथे पर्यटन सुरू झालं तेव्हापासून पद्धत अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट. त्यातली अनेक बेटं इतकी लहान असतात की सकाळच्या चहानंतर चालायला निघालात तर चहाची चव जिभेवर असतानाच फेरी पूर्ण होते. रस्ता नाही, बाजार नाही, दुसरं हॉटेल नाही. जेवण त्याच स्वयंपाकघरातलं, म्हणून खोली घेताना जेवणाचा कोणता प्लॅन आहे हे खोलीइतकंच महत्त्वाचं. बदल्यात जे मिळतं ते मात्र दुसरीकडे मिळणं कठीण. जिथे ‘हाऊस रीफ’ म्हणजे बेटाला लागूनच प्रवाळांची भिंत आहे तिथे किनाऱ्यावरून थोडं पोहत गेलात की प्रवाळांचा कडा सरळ खोल निळाईत उतरतो आणि कासवं, छोटे शार्क, पोपटमासे समोरून जातात. (पायाखालची ती पांढरी वाळूसुद्धा बरीचशी या पोपटमाशांनी प्रवाळ खरवडून, पचवून बाहेर टाकलेली असते.) सगळ्याच रिसॉर्टला हाऊस रीफ नसते, काहींभोवती नुसतं उथळ वाळूचं पाणी असतं. फोटोत दोन्ही सारखीच सुंदर दिसतात, तेव्हा हे विचारूनच घ्या.

मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, सर्वोच्च शिखर ८२८ मीटर. तिथे गाडी भाड्यानं घ्यायची, डाव्या बाजूनं चालवायची आणि रोज वेगळी दिशा धरायची. शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल, पोर्ट लुईचा बाजार, रस्त्यावर मिळणारी गरम ढोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी. नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्नचा ५५६ मीटरचा कातळ आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी त्याच्या आसऱ्यानं जीव वाचवला, आणि २००८पासून तो जागतिक वारसा आहे. तिथे उभं राहिल्यावर कोणीही थोडा वेळ गप्प होतं. मधुचंद्रात असा एखादा गप्प क्षण वाट्याला आला तर तो चुकवू नये असं मला वाटतं. किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे हॉटेल साधं घेतलंत तरी समुद्र तोच मिळतो. पण त्याच कारणानं किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी स्थानिक कुटुंबं, मुलं, गाणी असणार. अख्खा किनारा फक्त आपल्या दोघांचा, ही अपेक्षा तिथे ठेवू नका.

पाण्याचं म्हणाल तर मॉरिशसच्या प्रवाळभिंतीच्या आतलं पाणी शांत आणि बरंच उथळ असतं. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. भिंत दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ तुटते, तिथे लाटा थेट कड्यावर आदळतात. ते बघायचं ठिकाण, उतरायचं नाही. पाण्याखालचं जग मात्र मालदीवचंच सरस.

मुख्य प्रश्न तुम्हा दोघांचा स्वभाव काय, हा आहे आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. लग्नाच्या धावपळीनं थकलेली, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी, शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचू शकणारी माणसं मालदीवमध्ये खुलतात. पण ओळख अजून नवी असेल, तर बाहेर जायला वाट नसलेल्या बेटावर सलग पाच दिवस जड जाऊ शकतात. बोलायचे विषय संपतात, लहानसा रुसवाही मोठा वाटायला लागतो. अशा दोघांना मी मॉरिशस सुचवेन. अनोळखी रस्त्यावर नकाशा बघणं, चुकलेलं वळण, अचानक आलेल्या पावसात एका छत्रीत थांबणं यातून माणूस समोरासमोर बसण्यापेक्षा लवकर कळतो. दोघांपैकी एकाला फिरायचं असेल आणि दुसऱ्याला पडून राहायचं असेल, तरीही मॉरिशसच, कारण तिथे दोन्ही जमतं. मालदीवमध्ये फिरणाऱ्याची फार कुचंबणा होते.

मग महिना. इथे दोन्ही बेटं एकमेकांच्या उलट वागतात. मालदीव विषुववृत्तावर पसरलेलं आहे. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे पाऊस आणि खवळलेला समुद्र आणतात, आणि जानेवारी ते एप्रिल हा काळ कोरडा, स्वच्छ. विषुववृत्ताजवळ वाऱ्याला गरगर फिरायला लागणारा पृथ्वीच्या परिवलनाचा रेटा फार क्षीण असतो, म्हणून चक्रीवादळं तिथे क्वचितच फिरकतात. मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. तिथे नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारी ते मार्च सर्वांत धोक्याचे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, हवा कोरडी आणि सुखद, पण समुद्र २२-२३ अंशांपर्यंत उतरतो आणि पूर्व किनाऱ्यावर व्यापारी वारे जोरात वाहतात. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला ठेवा. फेब्रुवारीत लग्न असेल तर मालदीव, मे महिन्यात असेल तर मॉरिशस, इतकं मी डोळे मिटून सांगेन. एक अपवाद आहे. मांटा रे हे अवाढव्य मासे बघायचे असतील तर बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीत ते मे ते नोव्हेंबरमध्येच जमतात, कारण मोसमी वाऱ्यांच्या काळात त्यांचं अन्न तिथे गोळा होतं. त्यासाठी पावसाची जोखीम घ्यायला हरकत नाही.

मालदीव परवडत नाही म्हणून ते सोडून देणाऱ्यांसाठी एक मधली वाटही आहे. २००९पासून तिथल्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर रिसॉर्टच्या मानानं पुष्कळ कमी खर्चात राहता येतं. पण ती इस्लामी रीतीनं जगणारी नांदती गावं आहेत. मद्य नाही, पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर, गावातून फिरताना अंग झाकलेलं हवं. हे नियम मनापासून पाळायची तयारी असेल तर तिथला पाहुणचार फार छान अनुभवता येतो. नसेल तर तिथे जाऊच नये.

खर्चाची तुलना करताना मालदीवच्या खोलीचं भाडं एकटं बघू नका. त्यावर कर, सेवाशुल्क, दर माणशी दर रात्रीचा हरित कर आणि रिसॉर्टपर्यंतचा प्रवास चढतो. लांबच्या बऱ्याच अटॉलना सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान लागतं आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी राजधानी मालेला उतरत असेल आणि पुढे सीप्लेन असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागेल, आणि रिसॉर्टला त्या रात्रीचे भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून रिसॉर्ट पक्कं करायच्या आधी विमानाची उतरण्याची वेळ बघा, आणि दुपारी तीननंतरची असेल तर स्पीडबोटीनं पोहोचता येईल असंच बेट शोधा.