मालवणचं स्कूबा आणि ओपन वॉटरचं कार्ड: लक्षद्वीपचं बुकिंग करायच्या आधी हा फरक समजून घ्या

परवा मावसभावाचा फोन आला. दिवाळीनंतर लक्षद्वीपला जायचं ठरलंय, तो, वहिनी, अकरा वर्षांची मुलगी आणि सिडकोतला एक मित्र फॅमिलीसकट, रजा पण टाकून झाल्यात, आता "ताई, तू फक्त डायव्हिंगचं सांग, कुठल्या बेटावर भारी आहे." मी विचारलं, कार्ड, म्हणजे डायव्हिंगचा कोर्स पास झाल्याचं, कोणाकोणाकडे आहे? तर म्हणतो, "कार्ड कशाला? आमचं सगळ्यांचं स्कूबा झालंय की मालवणला, व्हिडिओ पण आहे माझ्याकडे."

हे वाक्य नाशकात मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच काढते. मालवणला जे होतं त्याला पण स्कूबाच म्हणतात आणि कोर्स करून जे करतात त्याला पण स्कूबाच म्हणतात, दोन्हीकडे तोच मास्क, तोच सिलेंडर, तोंडात तोच रेग्युलेटर, त्यामुळे गोंधळ होणारच, त्यात कोणाची चूक नाही. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि चार दिवसांच्या ट्रिपला माणशी एवढा खर्च करून जाणार असाल तर हा फरक आधी कळलेला बरा.

मालवणचं आधी. सकाळी बोटीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नेतात, गळ्याएवढ्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात, हाताच्या दोन-चार खुणा सांगतात आणि मग चार-पाच मीटर खाली. याला ट्राय डाइव्ह किंवा डिस्कव्हर स्कूबा म्हणतात, या धंद्यातले लोक नुसतं डीएसडी म्हणतात. डायव्हिंगचे कोर्स चालवणाऱ्या पाडी या संस्थेच्या नियमाप्रमाणे यात १२ मीटरच्या खाली जाता येत नाही आणि इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ जवळ लागतो. पोहता आलंच पाहिजे असंही नाही. भावाचा व्हिडिओ मी परत लावून बघितला. तो हसतोय, मासे फिरतायत, आणि त्याच्या डोक्याच्या मागे सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर एक हात आहे, तो हात अख्ख्या व्हिडिओत एकदाही सुटत नाही. किती खोल जायचं, अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा किती भरायची, सिलेंडरमध्ये किती उरली, वर कधी यायचं, हे सगळं त्या हाताच्या मालकाने ठरवलं. भाऊ फक्त श्वास घेत होता आणि बघत होता. आणि मध्येच तो कॅमेऱ्याकडे अंगठा वर करून दाखवतो, "मस्त" म्हणून. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा असतो. इन्स्ट्रक्टर अनुभवी होता, त्याला कळलं.

हे मी कमी लेखत नाहीये. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला तो क्षण कोणीच विसरत नाही, माझंही तिथूनच सुरू झालं. फक्त ती डाइव्ह तुम्ही केलेली नसते, तुम्हाला करवलेली असते.

ओपन वॉटर हा कोर्स आहे. थिअरी असते, ती हल्ली घरी बसून ऑनलाइन होते, मग पोहण्याच्या तलावात किंवा उथळ पाण्यात सराव आणि शेवटी समुद्रात किमान दोन दिवसांत चार डाइव्ह. न थांबता २०० मीटर पोहायचं, वेळेचं बंधन नाही, आणि कशालाही न धरता १० मिनिटं तरंगायचं. पास झालात की १८ मीटरपर्यंत तुमच्यासारख्याच कार्डवाल्या जोडीदाराबरोबर म्हणजे बडीबरोबर जाता येतं. कार्डाला एक्सपायरी नाही, पण मध्ये खूप गॅप पडली तर रिफ्रेशर करा, कोणी मागो न मागो.

कोर्समध्ये जास्त वेळ कशात जातो तर बिघडलं तर काय करायचं यात. तोंडातून रेग्युलेटर सुटला तर हात मागून फिरवून तो कसा शोधायचा, जोडीदाराची हवा संपली तर त्याला आपला दुसरा रेग्युलेटर कसा द्यायचा, आणि सगळ्यांना नको वाटणारं म्हणजे मास्क. मुद्दाम मास्कमध्ये पाणी भरायचं, मग वरची कड कपाळावर दाबून नाकाने जोरात हवा सोडायची की पाणी खालून निघून जातं. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खारं पाणी नाकात गेलं, डोळे मिटले आणि डोक्यात एकच, वर. पाय मारलेच मी. इन्स्ट्रक्टरने जॅकेटचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने माझ्यासमोर हळूहळू श्वास घ्यायची खूण करत राहिला आणि मी तिथेच गुडघ्यावर बसून तोंडाने श्वास घेत राहिले, एक, दोन, तीन, मग मास्क साफ केला. त्या दिवशी सात वेळा करायला लावलं त्याने. सातव्या वेळेला काहीच वाटलं नाही.

आता "वर" यात एवढं काय आहे ते सांगते, कारण दोन्ही प्रकारांतला खरा फरक इथे आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून धरून तुम्ही वर आलात तर ती हवा फुगत फुगत पृष्ठभागावर दुप्पट व्हायला बघते, फुप्फुसात तेवढी जागा नसते, फाटतं. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. आणि हा बदल वरच्या थरातच सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे "पाच मीटर तर आहे, काय होतंय" हे म्हणणं चूक आहे. ट्राय डाइव्हमध्ये तो हात तुम्हाला सुसाट वर जाऊ देत नाही. कार्डवाल्याने ते स्वतः सांभाळायचं असतं, मिनिटाला साधारण ९ मीटर एवढ्या वेगाने वर यायचं आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. आणि हो, सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो हो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. त्यातला नायट्रोजन खोलवर अंगात मुरतो, तो सावकाश बाहेर पडावा म्हणून हे थांबणं.

आता लक्षद्वीपला हे का महत्त्वाचं. अंदमान आणि लक्षद्वीप आपण एका दमात म्हणतो पण लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची आहेत, ॲटॉलवरची. ॲटॉल हा शब्दच मुळात मालदीवच्या दिवेही भाषेतून आलाय. हे बनतं कसं तर डार्विनने १८४२ मध्ये मांडलं तसं, समुद्रात ज्वालामुखीचं बेट असतं, त्याच्या काठाने प्रवाळ वाढतं, बेट हळूहळू खचत जातं आणि प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं, शेवटी मधलं बेट बुडून जातं आणि प्रवाळाचं कडं उरतं. कड्याच्या आत लगून, उथळ, शांत, तो पोस्टरवरचा हिरवानिळा रंग. कड्याच्या बाहेर रीफ उतरत जातो आणि पुढे खोल समुद्र. लक्षद्वीपची बहुतेक बेटं कड्याच्या पूर्व बाजूला आहेत आणि लगून पश्चिमेला.

म्हणजे डीएसडीवाल्यांचं लक्षद्वीप वेगळं आणि कार्डवाल्यांचं वेगळं. डीएसडीवर तुम्हाला बहुतेक लगूनमध्ये किंवा आसपासच्या उथळ, शांत जागी नेतात. तिथे वाळू, मध्येमध्ये प्रवाळाचे ढीग, मासे, कधी कासव, सुंदरच आहे. पण कड्याच्या बाहेरच्या उतारावर, जिथे खाली नुसता गडद निळा दिसतो आणि प्रवाह असतो, तिथे न्यायला कार्ड मागणारच आणि मागायलाच पाहिजे. १९९८, २०१० आणि २०१६ ला पाणी तापून लक्षद्वीपचं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं होतं, २०२४ ला परत, म्हणून आणखी एक सांगते, ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही त्याच्या पायातले फिन प्रवाळावर आपटतात. हातभर वाढायला प्रवाळाला कित्येक वर्षं लागतात आणि एका लाथेत तुटतं. तरंगायला शिकणं हे मला कोर्समधलं सगळ्यात मोलाचं वाटतं, स्वतःसाठी पण आणि प्रवाळासाठी पण.

मालदीवबद्दल पण विचारतात लोक. तिथे २६ ॲटॉल, साधारण १,२०० बेटं, आणि बऱ्याच नावाजलेल्या डाइव्ह दोन कड्यांमधल्या खिंडीत असतात, त्याला तिथे कंडू म्हणतात, भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जोरात वाहतं. तिथे साधं ओपन वॉटर पण कधीकधी कमी पडतं, ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स आणि लॉगबुकमध्ये, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, ठरावीक डाइव्ह मागतात. मनोरंजनाच्या डायव्हिंगला तिथे ३० मीटरची मर्यादा आहे. पहिल्या ट्रिपला माझं मत लक्षद्वीपच.

जायचं कसं, तर आपल्या नाशिकरोडवरून जी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस जाते ती कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला म्हणजे कोचीलाच नेते, एक दिवस-रात्र मोडते पण बॅगा घेऊन मुंबई-एअरपोर्ट करण्यापेक्षा मला ती आवडते. पुढे कोचीहून अगत्तीला विमान नाहीतर जहाज, जहाजाला बेटाप्रमाणे १४ ते १८ तास. परमिट आपल्याला पण लागतं, भारतीय असलो तरी, ते हातात येईपर्यंत बाकी काही पक्कं धरू नका. सीझन ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत.

परतीचं गणित मात्र लोक हमखास चुकवतात. डाइव्ह आणि विमान यात गॅप लागतो, एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोज डाइव्ह केल्या असतील तर किमान १८, कारण विमानात हवेचा दाब कमी असतो आणि तो मुरलेला नायट्रोजन बुडबुडे करतो. म्हणजे कार्डवाल्यांचा शेवटचा दिवस कोरडाच धरायचा. आणि नाशिककरांसाठी खास, आपलं गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंच आहे आणि डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वरची जागा उंचावरचीच धरतात. त्यामुळे गोव्याला दिवसभर १८ मीटरच्या डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढू नका, रात्र खालीच काढा. मालवणच्या चार-पाच मीटरला याचं फारसं टेन्शन नाही.

मग करायचं काय? वेळ नसेल, पोहायची भीती असेल, तर डीएसडीच करा, मनापासून करा, फक्त बुकिंग करताना "डायव्हिंग पॅकेज" म्हणजे नेमकं काय, किती डाइव्ह, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, हे विचारा. पण दोन-तीन महिने हातात असतील तर कोर्सची थिअरी आणि तलावाचा भाग इकडेच उरकून घ्या, तारकर्लीला एमटीडीसीचं ट्रेनिंग सेंटर आहे, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तिकडे जाऊन पूर्ण करा. याला रेफरल म्हणतात, इकडचा कागद वर्षभर चालतो. पहिल्या चार डाइव्ह लक्षद्वीपच्या पाण्यात, अजून काय पाहिजे. अकरा वर्षांच्या मुलीला ज्युनिअर ओपन वॉटर करता येतं, पण तिला १२ मीटरची मर्यादा आणि सोबत कार्डवाले आईवडील किंवा इन्स्ट्रक्टर लागतोच.

दोन्ही प्रकारांत एक फॉर्म भरून घेतात, दमा, हृदय, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण वगैरे. तो खरा भरा. मला एका ठिकाणी "सगळीकडे नो करा मॅडम, बोट थांबलीय" म्हणाले आणि मी केलं. सर्दी होती मला. नाक दाबून हवा सोडून कान मोकळे करायचे असतात, दुखायच्या आधी, दर अर्ध्या मीटरला, ते सर्दीत होईना, तरी मी खाली गेले, आणि मग आठ दिवस डाव्या कानाने सगळं विहिरीतून ऐकू यायचं. सर्दी असेल तर डाइव्ह नाही, पैसे बुडाले तरी नाही.

भावाला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. मध्ये वहिनीने फोन घेतला आणि म्हणाली, "ताई, मला पोहता येतं, मी कोर्स करते, यांचं यांना ठरवू दे." तारखा त्यांनी जानेवारीवर ढकलल्यात. दोघं आता रोज सकाळी सहाला महापालिकेच्या तलावावर जातात, तिची तरंगायची दहा मिनिटं झाली, त्याची काल साडेसहा झाली, आणि लेक काठावर बसून मोबाइलवर वेळ लावते.