एच-इंडेक्स 38 म्हणजे नेमकं काय?

चोपड्याच्या बसस्थानकाबाहेर गेल्या आठवड्यात एका डॉक्टरांच्या सत्काराचा फलक लागला. मूळचे आपल्याच तालुक्यातले, आता मोठ्या शहरात संशोधन करतात. नावाखाली ठळक अक्षरांत ‘एच-इंडेक्स 38’. केळीच्या व्यापारातले आमचे शेजारी तो वाचून म्हणाले, “भाऊ, हाई अडतीस काय शे? अडतीस शोध?”

तसं नाही. शोधनिबंध लिहिताना आधी कोणाच्या कामाचा आधार घेतला, ते नोंदवावं लागतं. अशा एका नोंदीला सायटेशन म्हणतात. युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये या नोंदींची सूची करण्याची कल्पना मांडली. पुढे 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यातून एकच आकडा काढण्याची रीत सुचवली. तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. ही रीत केळीच्या घडावर छान समजते.

घडाच्या वरच्या फणीत केळी जास्त, खाली उतराल तशी कमी. संशोधकाचे निबंधही तसेच लावायचे, सर्वांत जास्त सायटेशनचा सर्वांत वर. समजा आकडे आले 120, 45, 20, 9, 6, 5, 3, 1. आता वरून मोजत या. पाचव्या फणीत 6 केळी, पाच तर भरली. सहाव्या फणीत 5च, सहा भरत नाहीत. तिथेच थांबायचं. एच-इंडेक्स 5. फलकावरचे 38 म्हणजे प्रत्येकी किमान 38 सायटेशन मिळालेले 38 निबंध.

चौकटीच्या वहीवर हा घड काढून पाहा. फणी म्हणजे ओळ, केळं म्हणजे चौकट. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बसवता येणारा सर्वांत मोठा चौरस 5 बाय 5 चा. गणितात याला डर्फी चौरस म्हणतात. गंमत पुढे आहे. पहिल्या निबंधाला 120 ऐवजी 12,000 सायटेशन मिळाले, तरी चौरस तसूभर वाढत नाही. पण सहाव्या निबंधाला फक्त एक मिळू द्या, 5 चे 6 होतात आणि एच-इंडेक्सही लगेच 6! आकडा हलतो तो चौरसाच्या कडेला. हे ज्याने हेरलं, तो आपल्या नव्या निबंधात नेमका कडेवरचा स्वतःचाच जुना निबंध उद्धृत करू शकतो.

शिवाय सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा डॉक्टर वेकफिल्ड यांचा 1998 चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. कित्येकांनी तो खोडून काढण्यासाठीच उद्धृत केला, मोजणीत मात्र तीही सायटेशनच. पत्रिकेत 36 गुण जुळले म्हणजे संसार सुखाचा, असं मानण्याला जसा आधार नाही, तसाच एका आकड्यावरून डॉक्टरची पारख करण्यालाही नाही.

कोलकात्याचे संशोधक शंभूनाथ डे आठवा. 1959 मध्ये त्यांनी कॉलऱ्याचे जंतू वाढवलेल्या द्रवातून जंतू गाळून काढले आणि उरलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतड्यात पाणी साचलं. जंतू नव्हते, तरीही! म्हणजे पाणी ओढणारं विष वेगळं होतं. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला हा निबंध एकट्या डे यांचा. सुरुवातीची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. डे 1985 मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी गारफिल्ड यांनीच सायटेशनच्या आधारे त्यांच्या कामाचा मोठेपणा दाखवून दिला. सूची अशीही उपयोगी पडते, पण असा एक निबंध कितीही गाजला तरी एच-इंडेक्समध्ये त्याची भर फक्त 1 ची.

आपल्याकडे सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाऊन कुणी त्याची नीट मोजणी करून निबंध लिहिला, तर तो उद्धृत करणारे जगात थोडेच असणार. तालुक्याचा आरोग्य अधिकारी तो वाचेल, कोणत्या पाड्यावर आधी रक्त तपासायचं ते त्यावरून ठरवेल. पण तो स्वतः निबंध लिहीत नाही, त्यामुळे त्याच्या वाचण्याची नोंद कुठल्याच सूचीत होत नाही.