खमीर, वाळवलेले

पाव आंबवण्यासाठी जोपासलेले पिठाचे खमीर पातळ थरात पसरून वाळवतात, चुरा करून ठेवतात आणि गरज पडली की पाणी व पीठ देऊन पुन्हा कामाला लावतात. त्यात जंगली यीस्टसोबत लॅक्टिक अम्ल तयार करणारे जंतूही असतात. दुकानातल्या दाणेदार यीस्टमध्ये ही जोडी नसते.

ही युक्ती जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी (इ. स. २३–७९) याने निसर्गविषयक ग्रंथाच्या अठराव्या खंडात तिचे वर्णन केले आहे : गव्हाचा बारीक कोंडा पांढऱ्या द्राक्षरसात भिजवावा, मळून उन्हात वाळवावा, पाव करताना त्या वड्या पीठपाण्यात कालवून उकळाव्यात आणि मग कणकेत घालाव्यात. खरोखर उकळी आणली तर यीस्ट मरेल. तेव्हा येथे कोमट करणेच अभिप्रेत असावे.

आधुनिक काळातील प्रसिद्ध उदाहरण ‘ऑरेगन ट्रेल’ (एकोणिसाव्या शतकात स्थलांतरित ज्या वाटेने अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेले ती) या नावाच्या खमिराचे. अमेरिकी हवाई दलातील निवृत्त अधिकारी कार्ल ग्रिफिथ (मृत्यू २०००) हे त्याचा चुरा मागेल त्याला टपालाने फुकट पाठवीत. त्यांच्या पश्चात स्नेह्यांनी ते काम चालू ठेवले. त्यांची पणजी १८४७ मध्ये मिसुरीहून ऑरेगनला गेली तेव्हा हे खमीर सोबत होते, असे ग्रिफिथ सांगत. स्वतः ग्रिफिथ ते वापरायला शिकले दहाव्या वर्षी, ऑरेगनमधील स्टीन्स पर्वतातल्या बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरील प्रदेशातून आलेल्या) मेंढपाळांच्या तळावर. १८४७ या सालाचा आधार मुख्यतः ही कौटुंबिक आठवणच आहे.

साल मान्य केले, तरी आजच्या बरणीतले जंतू त्या वेळचेच का, हा प्रश्न उरतो. क्लाइन व सुगिहारा या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातील, आंबटपणा आणणाऱ्या जंतूचे वर्णन केले. तो त्या शहराचाच मानला गेला, पण पुढे युरोपातील खमिरांतही सापडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील ५०० खमिरांच्या अभ्यासातही जंतूंच्या मिश्रणावर भौगोलिक स्थानाचा प्रभाव अल्पच दिसला. वाळवताना सगळे जंतू सारखे तगत नाहीत, शिवाय प्रत्येक नवे पीठ आपले जंतू आणते. म्हणून वंशपरंपरेपेक्षा जोपासनेच्या पद्धतीला महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

ग्रिफिथ यांची कृती साधी आहे. मोठा चमचाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा चुरा काही मिनिटे मऊ होऊ द्यावा, मग मोठा चमचाभर पीठ मिसळून धिरड्याच्या पिठाइतके सैल ठेवावे. बुडबुडे आले की पाव-पाव कप, नंतर अर्धा-अर्धा कप पाणी व पीठ द्यावे. पाणी कोमटच घेतात, कारण सुकलेल्या यीस्टच्या पेशीचे पटल गार पाण्यात नीट सावरत नाही व आतील द्रव्ये पाझरतात. फार गरम पाण्याने पेशीच मरते. सुकताना हे पटल टिकवण्यात ट्रेहॅलोज या शर्करेचा वाटा मोठा असतो.

पहिल्या बुडबुड्यांवर विसंबू नये. ते नव्या पिठातील इतर जंतूंचेही असू शकतात. आंबूस वास येऊन प्रत्येक खुराकानंतर काही तासांत खमीर दुप्पट फुगू लागले की ते पावाला चालते. वर साचणारे करडे पाणी केवळ उपासमारीचे लक्षण असते, ते ढवळून मिसळतात किंवा ओतून टाकतात. गुलाबी वा नारिंगी छटा दिसल्यास मात्र सगळेच टाकून द्यावे. उरलेला कोरडा चुरा हवाबंद बरणीत, ओल व उष्णतेपासून दूर ठेवतात.