प्रवाळ मत्स्यालयातील स्वयंचलित पाणीभरणी आणि चुन्याची निवळी

प्रवाळांच्या टाकीतून वाफ होऊन उडते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. 200 लिटरच्या टाकीतले 4 लिटर पाणी आटले, की क्षारता 35 प्रतिहजारवरून सुमारे 35.7 वर जाते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर खाऱ्या नव्हे, तर आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षारविरहित केलेल्या, पाण्याने करतात. हे काम सेन्सर आणि छोट्या पंपावर सोपवण्याच्या व्यवस्थेला मत्स्यपालक ‘एटीओ’ (ऑटो टॉप-ऑफ) म्हणतात.

जादा पाणी काठावरून खाली सोडणाऱ्या ओव्हरफ्लोमुळे मुख्य टाकीतली पातळी हलत नाही. घट दिसते ती संपमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, पाणी वर परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात, आणि सेन्सरही तिथेच बसवतात. पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच साधा आणि स्वस्त असतो. पण त्याच्या दांडीवर मिठाचा थर साचतो, नाहीतर एखादी गोगलगाय तरंगत्या भागावर चढून त्याला खाली दाबते. मग पाणी कमी आहे असेच स्विचला वाटत राहते आणि पंप थांबत नाही. यासाठी वरच्या पातळीवर दुसरा स्विच लावतात. तरी खरी खबरदारी म्हणजे साठ्याची टाकी लहान ठेवणे: सगळे पाणी एकदम ओतले गेले, तरी संप ओसंडू नये आणि क्षारता फार उतरू नये. नळीचे तोंडही संपच्या पाण्याबाहेर आणि साठ्याच्या पातळीपेक्षा उंच हवे. तसे नसल्यास पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहतच राहते.

कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 410 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि टाकीतही साधारण 400 ते 450 राखतात. भरणीच्या पाण्यात विरी गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, विरघळवला तर ही तूट आटलेल्या पाण्याच्या जागेतच भरून निघते. 1970 च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी ही पद्धत रूढ केली. ‘काल्कवासर’ हे तिचे जर्मन नाव आजही चालते. चुन्याच्या या नितळ द्रावणातला, म्हणजे निवळीतला, हायड्रॉक्साइड टाकीतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून बायकार्बोनेट देतो. त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) प्रवाळांना लागते त्याच प्रमाणात मिळतात, शिवाय रात्री उतरणारा सामू (pH) सावरतो.

एका लिटरमध्ये जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो. उरलेला तळाशी बसतो आणि वरची नितळ निवळीच वापरायची असते. भांडे उघडे राहिले, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटची पातळ, कुरकुरीत साय धरते आणि निवळीचा जोर कमी होतो. म्हणून झाकण हवेच. ताज्या संपृक्त निवळीचा सामू 12 च्या वर असल्याने हातमोजे आणि चष्माही हवा.

मात्र चुना मिसळल्यावर पाणीभरणीतली चूक जास्त महागात पडते. सेन्सर अडकला तर नुसती क्षारता उतरून भागत नाही. सामू झपाट्याने चढतो, कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन बाहेर पडते, पाणी दुधाळ होते आणि प्रवाळ आक्रसतात. त्यामुळे निवळीसाठी ठरल्या वेळी ठरावीक मात्रा सोडणारा वेगळा डोसिंग पंप अधिक शहाणपणाचा.

या पद्धतीची मर्यादा बाष्पीभवनातच आहे. 200 लिटरच्या टाकीत रोज 2 लिटर संपृक्त निवळी गेली, तर कॅल्शियम लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅमनेच वाढते. नव्या टाकीला तेवढे पुरते. अ‍ॅक्रोपोरासारखे प्रवाळ दाटले की पुरत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट यांची द्रावणे डोसिंग पंपांनी वेगवेगळ्या जागी सोडतात, किंवा कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने कॅल्शियमयुक्त खडे विरघळवणारी कॅल्शियम रिअ‍ॅक्टर बसवतात. रिअ‍ॅक्टरमुळे सामू उतरतो, म्हणून तिच्या जोडीला निवळी बऱ्याचदा चालूच ठेवतात.