तांडेलापर्यंत पोहोचणारा उपग्रह

‘चंद्रावर जायला पैसे आहेत, गावच्या रस्त्याला नाहीत,’ असं कुणी म्हणालं की आधी आकडा पाहावा. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च होता सुमारे 45 लाख कोटी रुपये. अवकाश विभागाच्या वाट्याला त्यातले साडेबारा हजार कोटी आले, म्हणजे शंभर रुपयांतले 28 पैसे. त्याच वर्षी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-3चा खर्च सुमारे 615 कोटी. पण खर्च थोडा आहे म्हणून तो कारणी लागला असं होत नाही. ते तपासायला मला चंद्रापेक्षा समुद्र बरा वाटतो.

इस्रोचे ओशनसॅट मालिकेतले उपग्रह समुद्राचा रंग टिपतात. पाण्यात वनस्पती-प्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, वाढलं की त्यातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं आणि पाणी हिरवट दिसू लागतं. पृष्ठभागाचं तापमान दुसरे उपग्रह मोजतात, त्यांत परदेशीही आहेत. गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक साचतं, त्यामागून बारीक मासळी येते आणि तिच्या मागावर बांगडा, कुपा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था हे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहते आणि मासळी मिळण्याची शक्यता कुठे आहे ते दिशा, अंतर, खोली यांसह मच्छिमारांना कळवते, मराठीतूनही. तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं, शोधत फिरणं कमी होतं, तेवढं डिझेल वाचतं. डिझेलचा भाव ज्याला रोज सोसावा लागतो, त्याला ही बचत समजावून सांगावी लागत नाही. आभाळ भरलेलं असलं की मात्र ढगांखालचं पाणी दिसत नाही आणि सल्ला थांबतो.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आलं. उपग्रहांना ते दिसत होतं. पण केरळ-तमिळनाडूच्या अनेक बोटी त्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या, मोबाइलच्या टप्प्याबाहेर. इशारा होता, तो त्यांच्यापर्यंत न्यायला साधन नव्हतं. कित्येक जण परतलेच नाहीत. साठाहून अधिक बोटी भरकटत थेट आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या, म्हणून त्यांवरची माणसं वाचली.

माझ्या मते अवकाशावरच्या खर्चाची खरी गळती इथे आहे. उपग्रह सोडायला निधी मिळतो, त्याची माहिती माणसाच्या हातात पडेपर्यंतचा शेवटचा टप्पा रेंगाळतो. उपग्रह चालू ठेवण्याकडेही तेवढं लक्ष हवं. ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शक प्रणालीच्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं, म्हणजे स्थान ठरवायला लागणारी अतिअचूक घड्याळं, बंद पडली. बदली उपग्रहावरचं रॉकेटचं उष्णताकवच 2017 मध्ये उघडलंच नाही, उपग्रह आतच अडकला, आणि जानेवारी 2025 मध्ये सोडलेला याच प्रणालीतला एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही.

ओखीनंतर 2019 मध्ये उपग्रहाकडून इशारा घेणारं ‘जेमिनी’ हे छोटं यंत्र आलं. त्यावर संदेश फक्त येतो, बोटीवरून उलट पाठवता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला ज्या योजनेची सुरुवात झाली तिच्यात ही उणीव भरून निघते. 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश घेणारी आणि पाठवणारी यंत्रं, बसवायचे आहेत, सुमारे 360 कोटी रुपयांत. एका बोटीमागे 36 हजार रुपये. त्यातून संकटातला तांडेल किनाऱ्याला हाक देऊ शकतो.