एकमान पद्धत

काही नगांची किंमत ठाऊक असताना आधी एका नगाची किंमत काढायची आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या नगांची, या रीतीला एकमान पद्धत म्हणतात. दर, वजन आणि किंमत यांची बहुतेक शाब्दिक उदाहरणे हिनेच सुटतात. 5 वह्यांना 140 रुपये पडले, तर 8 वह्यांना किती? एक वही 28 रुपयांची, म्हणून आठांचे 224.

हिचे थोरले भावंड म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) प्रमाण (ठाऊक असलेली राशी), फल (तिच्या बदल्यात मिळणारे) आणि इच्छा (जिचे फल हवे ती राशी) या तीन राशी मांडून फलाला इच्छेने गुणायला व प्रमाणाने भागायला सांगितले आहे. तिथला केशराचा हिशेब असा (निष्क हे जुने नाणे, पल हे जुने वजन) : 3/7 निष्काला अडीच पल केशर मिळते, तर 9 निष्कांना किती? साडेबावन्न पल. भागाकार शेवटी येत असल्यामुळे मधले अपूर्णांक टळतात. 100 रुपयांना 3 नारळ, तर 6 नारळांचे किती, असे विचारले की एका नारळाची किंमत काढत बसणारे मूल 33.33 वर अडते.

पुण्यात ही रीत पाहावी ती 1886 मध्ये उघडलेल्या महात्मा फुले मंडईत. कांदे 32 रुपये किलो आणि गिऱ्हाइकाला हवेत पावणेदोन किलो. गाळ्यावरची बाई एका ग्रॅमचा भाव काढत नाही. दोन किलोंचे 64, त्यातून पाव किलोचे 8 गेले, 56 द्या. ‘पावणेदोन’ या शब्दातच वजाबाकी आहे, ‘सव्वा’त बेरीज. पावकी, निमकी, दिडकी हे पावपट, निमपट, दीडपटीचे पाढे घोकून घेत, ते याचसाठी. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा पाव रुपया म्हणजे चार आणे हे जिभेवरच असे. शेर हे जुने वजन व्यवहारातून गेले, तरी 250 ग्रॅमला मंडईत अजून ‘पावशेर’च म्हणतात.

चुका बहुधा गुणाकारात होत नाहीत, वाचण्यात होतात. हापूस डझनावर विकला जातो. 900 रुपये डझन असेल तर 5 आंब्यांचे 375 होतात, पण घाईत भागाकार 12 ऐवजी 10 ने केला जातो. त्याहून फसवे व्यस्त प्रमाण, म्हणजे एक वाढले की दुसरे घटते ते. ठरलेल्या पैशांत 40 रुपये दराने 3 किलो टोमॅटो येतात. दर 60 झाला तर किती? सवयीने गुणणाऱ्याचे उत्तर साडेचार किलो येते. आधी हातातले पैसे काढावेत : 120. त्यात 60 च्या भावाने 2 किलोच बसतात.