प्रायमरी की आणि फॉरेन की

रिलेशनल डेटाबेसमधील, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवणाऱ्या डेटाबेसमधील, ओळींची ओळख आणि टेबलांचे परस्परसंबंध ठरवणारे दोन नियम. टेबलातली प्रत्येक ओळ नेमकी ओळखता यावी म्हणून निवडलेला स्तंभ किंवा स्तंभांचा गट म्हणजे प्रायमरी की. त्यातले मूल्य दुसऱ्यांदा येऊ शकत नाही आणि रिकामेही राहू शकत नाही. एका टेबलातल्या ज्या स्तंभात दुसऱ्या टेबलाची की नोंदवलेली असते, तो फॉरेन की. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० सालच्या शोधनिबंधात रिलेशनल मॉडेल मांडले, तेव्हाच या दोन्ही संकल्पना त्यात होत्या. या कामासाठी त्यांना संगणकशास्त्रातला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. सभासदांचे एक टेबल, पुस्तकांचे दुसरे आणि देवघेवीचे तिसरे. देवघेवीच्या ओळीत सभासदाचे नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नसतो, फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. पत्ता बदलला की तो एकाच जागी बदलावा लागतो. सभासदांच्या टेबलात नसलेला क्रमांक देवघेवीत घालू गेल्यास डेटाबेस ती नोंद नाकारतो. ही तपासणी प्रोग्रामवर सोपवणे पुरेसे नाही, कारण एकाच डेटाबेसमध्ये अनेक प्रोग्राम लिहितात आणि त्यांपैकी एकाने जरी ती वगळली, तरी मालक नसलेल्या नोंदी साठत जातात.

प्रायमरी की निवडताना खरा कस लागतो. पुस्तकांसाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, सोयीचा वाटतो. पण एकाच आवृत्तीच्या सगळ्या प्रतींचा आयएसबीएन एकच असतो, १९७० पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांवर तो नसतोच, आणि १ जानेवारी २००७ पासून तो दहाऐवजी तेरा अंकी झाला. मोबाईल क्रमांकाचेही तसेच: तो बदलतो, बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळतो. म्हणून स्वतःचा काही अर्थ नसलेला, डेटाबेसनेच दिलेला क्रमांक की म्हणून घ्यावा आणि आयएसबीएनसारख्या मूल्यांना वेगळा स्तंभ द्यावा, हे उत्तम.

सभासदाची ओळ काढून टाकली तर त्याच्या देवघेवीचे काय, हे फॉरेन की लिहितानाच ठरवता येते. ‘कॅस्केड’ म्हटले तर त्या नोंदीही पुसल्या जातात, ‘सेट नल’ म्हटले तर त्यांतला सभासद क्रमांक रिकामा होतो, ‘रिस्ट्रिक्ट’ म्हटले तर काढायलाच मनाई होते. जिथे जुना हिशेब जपायचा, तिथे कॅस्केड घातक आहे.

सगळी डेटाबेस सॉफ्टवेअर हे नियम सारखेच पाळत नाहीत. मायएसक्यूएलचे जुने मायआयसॅम इंजिन (माहिती साठवणारा भाग) फॉरेन की लिहू देते, पण पाळत नाही, इनोडीबी पाळते. एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी सहसा प्रोग्रामने डेटाबेसशी केलेल्या प्रत्येक जोडणीत मुद्दाम सुरू करावी लागते. पोस्टग्रेसक्यूएल ती कसोशीने करते, मात्र फॉरेन कीच्या स्तंभावर आपोआप इंडेक्स (ओळी चटकन शोधून देणारी सूची) बनवत नाही. तो स्वतः बनवला नाही, तर एक सभासद काढतानाही देवघेवीचे सगळे टेबल चाळले जाते.